मोटारसायकलचे चाक : घरगुती दुरुस्तीतील चुका

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, म्हणजे तो पगार, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे चालक मंडळी गृहीत धरतात. आम्ही मोटारसायकलच्या चाकावर बोलू म्हणालो, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. परंतु विषय दिसतो तितका परका नाही. आमच्या गेट-सभेला येणारा कामगार पूर्वी सायकल मारीत येई. आज तो मोटारसायकलवर येतो. दूध घालणारा, वर्तमानपत्रे टाकणारा, घरोघर जेवण आणि पार्सले पोचवणारा यांची रोजी तर या दोन चाकांवरच फिरते. ज्या वस्तूवर पोट अवलंबून आहे, ती वस्तू कशी बिघडते आणि आपल्याच हातून कशी बिघडवली जाते, हे समजून घेणे हाही कामगारशिक्षणाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

आम्ही इंजिनिअर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा येथे जे सांगू, ते हाताने केलेले आणि पुष्कळदा चुकून शिकलेले आहे.

प्रथमच सांगून टाकू की, घरी दुरुस्ती करण्याला आमचा विरोध नाही. गाडी गॅरेजात टाकली की मजुरी जाते आणि वर एक खाडाही पडतो. रोजंदारीच्या माणसाला तो परवडत नाही. शिवाय आपले हत्यार आपण ओळखावे, यात एक स्वाभिमान आहे. प्रश्न घरी करावे की नाही हा नाही. घरी करताना कारखान्यातली शिस्त आपण दाराबाहेर का ठेवतो, हा खरा प्रश्न आहे.

आमचीच चूक आधी सांगतो. १९९८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गेट-सभा होती आणि रात्री साडेदहाला मागचे चाक बसलेले दिसले. चाळीच्या जिन्याखाली, पिवळ्या दिव्याच्या उजेडात आम्ही चाक काढले, ट्यूबला ठिगळ लावले आणि चाक परत चढवले. मागच्या ब्रेकच्या झाकणाला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. तिला मेस्त्री टॉर्क आर्म म्हणतात. तिच्या नटातली स्प्लिट पिन काढतानाच तुटली होती आणि नवी घरात नव्हती. नट बोटांनी फिरवून ठेवला आणि ‘सकाळी पान्याने आवळू’ असे स्वतःशी म्हटले. सकाळी सभेची घाई. गाडी चालली, ब्रेकही लागला, नट विसरला गेला.

आठ दिवस गाडीने कुरकुर केली नाही. नवव्या दिवशी आमच्या एका सोबत्याने आईची औषधे आणायला म्हणून ती मागून नेली. उतारावर त्याने ब्रेक दाबला. नट केव्हाच गळून पडला होता आणि आता बोल्टही निसटला होता. झाकणाला धरणारे काही उरले नाही, म्हणून ते चाकाबरोबर फिरले. ब्रेकचा रॉड ताणला जाऊन ब्रेक आणखी आवळला आणि चाक जागच्या जागी जाम झाले. त्याचे मनगट आणि गळ्याजवळचे हाड मोडले. दोन महिने तो कामावर येऊ शकला नाही. त्याने आम्हांला एकदाही दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, “दादा, नेताना मी विचारायला पाहिजे होतं, सगळं आवळलंय ना म्हणून.” ते वाक्य आम्हांला शिवीपेक्षा अधिक लागले.

या गोष्टीतून जे शिकलो, तेच आजच्या सांगण्याचे सार आहे. चाकातली चूक लगेच बोलत नाही. १८ इंची चाक टायरसकट एका फेऱ्यात सुमारे पावणेदोन ते दोन मीटर अंतर तोडते. म्हणजे २० किलोमीटरांच्या जाण्यायेण्यात त्याचे दहा हजारांहून अधिक फेरे होतात. सैल राहिलेल्या नटाला सुटण्याची तितकी आमंत्रणे मिळतात. तो पहिल्या फेऱ्यात सुटत नाही, म्हणूनच आपण फसतो.

आता चाक म्हणजे काय ते पाहू. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे असतात. तुंब्यावर आलेले ओझे खालचा आरा खांबासारखा पेलतो. मोटारसायकलच्या तारेच्या आऱ्याला हे साधत नाही. बारीक तार खांब होऊ शकत नाही, दाबली की वाकते. म्हणून येथे सगळे आरे आधीच ताणून ठेवलेले असतात, आणि त्या ताणामुळेच चाक उभे राहते. ताणलेल्या आऱ्यांची ही कल्पना इंग्लंडातल्या जॉर्ज केली याने १८०८ साली विमानाच्या चाकासाठी मांडली. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली याने सायकलसाठी तिरप्या आऱ्यांची रचना केली. हवेचा टायर १८४५ साली रॉबर्ट टॉमसनने शोधला, पण तो विस्मरणात गेला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने तो पुन्हा नव्याने घडवला. डाइमलरने १८८५ साली केलेल्या मोटारसायकलला मात्र लाकडी चाके आणि लोखंडी धावच होती.

आता चुकांकडे वळू. पहिली चूक चाकाला हात लावण्याआधीच होते. ती म्हणजे गाडी विटांवर किंवा एखाद्या दगडावर टेकवणे. वीट इशारा न देता फुटते. गाडी सपाट, कठीण जमिनीवर मधल्या स्टँडवर घ्यावी. पुढचे चाक काढायचे असेल, तर इंजिनाखाली जाड लाकडी ठोकळा द्यावा आणि हलवून खात्री करून घ्यावी. दुसरी गोष्ट, किल्ली काढून खिशात ठेवावी. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चाकावरची चेन फडक्याने पुसणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. फडके चेनीत सापडते, फडक्यामागून बोट जाते आणि दात्याशी गाठ पडते. चालत्या यंत्राजवळच्या कामावर १९४८ च्या कारखाना कायद्याने बंधने घातली होती, ती कितीएक बोटे गेल्यानंतर. तोच धडा घरी पुन्हा गिरवण्याची गरज नाही. चेन पुसायची असेल, तर इंजिन बंद करून चाक हातानेच फिरवावे.

तिसरी चूक सुटे भाग जमिनीवर पसरण्याची. चाकाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे बुश सारखे दिसतात, पण त्यांची लांबी वेगळी असते. त्यांची अदलाबदल झाली की चाक एका अंगाला सरकते. काढताना भाग ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने एका थाळीत मांडावेत; बसवताना उलट क्रमाने घ्यावेत. साधी गोष्ट आहे, पण ‘लक्षात राहील’ या भरवशावरच ती टाळली जाते.

टायर काढताना शक्ती वापरणे, ही चौथी चूक. टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणत नाही. मग टायर निघतो कसा? रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. आपण लोखंडी पट्टी जेथे घातली, त्याच्या समोरच्या बाजूची कड गुडघ्याने त्या खोलगट भागात दाबली, की इकडे हवी तेवढी ढील मिळते. हे ज्याला ठाऊक नाही, तो पट्टीवर सगळे वजन टाकतो आणि ट्यूब चिमटून नवे भोक पाडतो. मग पंक्चरवाल्याला आणि खिळ्याला दोष देतो. टायर बसवताना कडेला साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा पेट्रोल कधीही लावू नये, कारण त्यांनी रबर खराब होते. टायरच्या अंगावरचा बाण चाक ज्या दिशेला फिरते त्या दिशेला हवा. हवा भरल्यावर कडेलगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत गेली असेल, तर टायर बसलेलाच नाही असे समजावे.

हवेबद्दलही एक गैरसमज आहे. दाब टायर थंड असताना मोजायचा असतो. दूरवर जाऊन आल्यावर टायर तापतो, हवा प्रसरते आणि दाब जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडली, तर सकाळी टायर मऊ सापडतो. किती हवा हवी, हे गाडीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात लिहिलेले असते. मागे माणूस बसणार असेल, तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. अंगठ्याने दाबून पाहणे ही परीक्षा नव्हे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. जुन्या बाजारातून स्वस्त टायर घेणाऱ्याने हे आकडे अवश्य वाचावेत. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या पातळीला आला, की त्याची सेवा संपली. रस्त्याला टेकणारा टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, आणि गाडीचा सगळा भरवसा त्या तळहातावर असतो.

पाचवी चूक आऱ्यांची. एक आरा सैल लागला, म्हणून त्यालाच पिळत सुटणे. आऱ्यांचे काम संघटनेसारखे असते. एकाने जास्त ओढले, की रिम त्याच्याकडे झुकते आणि शेजारी सैल पडतात. आरे पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नयेत. फिरवल्यावर चाक हाताने फिरवून, काट्याला बांधलेल्या तारेच्या टोकाशी रिमचे अंतर पाहावे. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकांत रिमच्या डुलण्याची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते. पान्याने हलकेच ठोकले असता सारख्या ताणाचे आरे सारखा नाद देतात. ज्याचा आवाज बद्द येतो तो सैल. आरा आवळल्यावर त्याचे टोक निपलच्या वर, रिमच्या आत डोकावत नाही ना, हेही पाहावे. डोकावत असेल, तर ते ट्यूबला भोक पाडणारच. आणि मिश्रधातूच्या ओतीव चाकाला तडा गेला असेल, तर वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये. ते चाक बदललेच पाहिजे.

सहावी चूक बेअरिंगची. हबमध्ये बहुधा दोन बॉल बेअरिंगे असतात आणि त्यांच्या मध्ये एक नळी असते. मेस्त्री तिला स्पेसर म्हणतात. ही नळी ‘उरली’ म्हणून बाजूला ठेवणारा भला गृहस्थ आम्ही पाहिला आहे. नळी नसेल, तर एक्सल आवळताना दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्यांवर आडवा दाब येतो आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग घरघरू लागते. नवे बेअरिंग ठोकताना आतल्या कडीवर हातोडी मारणे हेही असेच घातक. तो प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या वाटेवर खळगे पाडतो. दाब नेहमी बाहेरच्या कडीवर, तेवढ्याच व्यासाच्या नळीने किंवा जुन्या बेअरिंगने, सरळ द्यावा. बेअरिंगवरचा क्रमांक पाहूनच नवे आणावे. ६३०१ म्हणजे आतला व्यास १२ आणि बाहेरचा ३७ मिलिमीटर. ‘साधारण तेवढेच’ चालत नाही. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा हबच्या मधोमध मारू नये, कारण तो सीलच्या आत शिरतो आणि ग्रीस धुऊन काढतो. ग्रीसही बेताने लावावे. सढळ हाताने भरलेले ग्रीस उष्णतेने पातळ होऊन ब्रेकच्या शूवर जाते, आणि ग्रीस प्यालेला शू पुसून पुन्हा वापरण्याच्या लायकीचा राहत नाही.

यावरून ब्रेककडे येतो. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर झाला, म्हणजे दीडपट झाला; पण ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती सव्वादोनपट होते. म्हणून ब्रेकच्या बाबतीत ‘चालून जाईल’ हा शब्द काढू नये. ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नये. जुन्या शूंत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत आणि त्याच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात. शू नवा असला, तरी ओल्या फडक्यानेच पुसावे. हवेचा झोत मारू नये. पुढच्या ड्रमच्या झाकणाला एक खाच असते. ती काट्यावरच्या उंचवट्यात अडकलीच पाहिजे. नाहीतर आमच्या मागच्या चाकात जे घडले, तेच पुढच्या चाकात घडेल, आणि त्यातून सावरणे फार कठीण. डिस्क ब्रेक असेल, तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नये, कारण पिस्टन बाहेर सरकतो आणि चाक परत बसत नाही. चाक बसवल्यावर जागच्या जागी मूठ पुन्हा पुन्हा दाबून ती घट्ट लागेपर्यंत गाडी हलवू नये. ती पहिल्या दाबाला पोकळ जाते, हे चौकात कळून उपयोग नाही. चेनीचे तेल डिस्कवर उडू देऊ नये आणि टायरला चमक आणणारे द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावू नयेत.

सातवी चूक आवळण्याची, आणि ती दोन्ही अंगांनी होते. कोणी कमी आवळतो, कोणी मर्दुमकी दाखवतो. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलो जोर दिला, तर ६ किलोग्रॅम-मीटर पीळ बसतो, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन-मीटर. आता त्याच पान्यात दोन फूट लांब नळकांडे घालून ६० किलोचा माणूस तिच्या टोकावर उभा राहिला, तर पीळ ३६ किलोग्रॅम-मीटर होतो. म्हणजे सहापट! आटे ताणले जातात आणि पुढे कधी तरी नट आपणहून सुटतो. गाडीच्या पुस्तकात एक्सलचा आकडा दिलेला असतो. पीळ मोजणारा पाना महाग असेल, तर चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा. वर्गणी काढण्याची आपल्याला सवय आहेच. नायलॉनच्या कडीचा नट हाताने सहज फिरू लागला, की तो बदलावा. आणि स्प्लिट पिन एकदा काढली, की ती टाकून नवीच घालावी. बैलगाडीवाला आखाच्या टोकाची खीळ पाहिल्याशिवाय गाडी जुंपत नाही. आपण तर त्याच्या कित्येक पट वेगाने जातो.

मागचे चाक बसवताना चेनही जुळवावी लागते. दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर हव्यात. नाहीतर चाक तिरके बसते आणि गाडी एका अंगाला ओढते. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून चाक हळूहळू फिरवून चार ठिकाणी तिची ढील पाहावी आणि जेथे ती सर्वांत घट्ट लागेल तेथे जुळवावी. आवाज जावा म्हणून ढोलाच्या दोरीसारखी ताणलेली चेन बेअरिंग आणि दाते दोन्ही खाते.

घरी काय करू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वाकलेली रिम सरळ करणे, हबमधली बेअरिंग बसवण्याची जागा सैल झाली असेल तर ती नीट करणे, डिस्क ब्रेकचा पिस्टन उघडणे, ही कामे मेस्त्रीची. पाना खाली ठेवून “हे आपल्याच्याने होणार नाही” म्हणण्यात कमीपणा नाही.

शेवटी मुळाकडे येतो. या सगळ्या चुका अज्ञानाने होतात असे आम्हांला वाटत नाही. जिन्याखाली बसलेल्या त्या रात्री टॉर्क आर्म काय करतो, हे आम्हांला चांगले ठाऊक होते. उणीव होती ती दुसऱ्या डोळ्याची. कारखान्यात आपण काम करतो, सुपरवायझर तपासतो आणि काही चुकले तर भांडायला युनियन असते. कामावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी १९२३ सालीच कायदा झाला. घरी मात्र मालक आपण, मुकादम आपण आणि कामगारही आपणच. रात्री साडेदहाला ‘लवकर उरक’ म्हणणारा मालक आपल्याच डोक्यात बसलेला असतो, आणि त्याला ‘नाही’ म्हणणारे कोणी नसते.

म्हणून त्या अपघातानंतर आम्ही एक रीत घातली, आणि ती आजवर मोडलेली नाही. चाक बसवून झाले, की आम्ही हात धुतो आणि घरातल्या किंवा शेजारच्या कोणालाही बोलावतो. त्याला यंत्रातले काही कळले नाही तरी चालते. तो एकेक विचारतो आणि आम्ही बोट ठेवून दाखवतो : एक्सलचा नट, टॉर्क आर्मचा नट आणि पिन, ब्रेक, हवा. मग चाक हाताने फिरवून त्याला आवाज ऐकवतो. गल्लीत सावकाश एक फेरी मारतो आणि परत येऊन तेच नट पुन्हा पाहतो. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. आमची मुलगी सात वर्षांची होती, तेव्हापासून हे प्रश्न तीच विचारते. एकदा सभेला उशीर होत होता म्हणून आम्ही तसेच निघालो, तर तिने किल्लीच लपवून ठेवली. “पिन दाखवा, मग जा.”

आम्ही पिन दाखवली. सभा दहा मिनिटे उशिरा सुरू झाली. कोणाचे काही बिघडले नाही.